ताटातील बेरीज, वाटीतील वजाबाकी

पहिली-दुसरीतील एखादे मूल ‘सात अधिक पाच बरोबर बारा’ असे क्षणाचाही विलंब न लावता सांगते. त्याच मुलाला ‘डब्यात सात पोळ्या आहेत, जेवायला बारा लागतील, तर आणखी किती कराव्या लागतील?’ असे विचारले, की ते गोंधळते. पुष्कळदा दोन्ही संख्या मिळवून ‘एकोणीस’ असे उत्तर देऊन ते मोकळे होते. मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष पालक अशा वेळी काढतात. वस्तुस्थिती निराळी असते. त्याला अंक पाठ झालेले असतात, परंतु अंकांमागे असलेल्या वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या राहत नाहीत. पुढील इयत्तांमध्ये गणिताविषयी जी भीती दिसून येते, तिचे मूळ अनेकदा या पहिल्या दोन वर्षांतच रुजलेले असते.

दुसरी चिंता मुलांच्या आहाराची आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, आपल्या देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळून आला. हा प्रश्न केवळ गरिबीचा नाही. ज्या घरांत धान्य, कडधान्ये, फळे आणि भाज्या यांची वानवा नाही, तेथेही मुले भाजी बाजूला सारतात आणि बिस्किटांच्या पुड्याकडे हात नेतात.

या दोन्ही चिंतांचा विचार एकाच जागी, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात करता येतो. भाजी निवडताना, फळ सोलताना आणि ताट वाढताना बेरीज-वजाबाकी सहज घडत असते. ती मुलाच्या लक्षात आणून देणे एवढेच मोठ्यांचे काम आहे.

जुने नाते

गणित आणि अन्न यांची ही सांगड आपल्या परंपरेला नवी नाही. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी रचलेल्या ‘लीलावती’त फळाफुलांची अनेक उदाहरणे आहेत. त्यांतील एक उदाहरण असे : एका द्रम्माला तीनशे आंबे मिळतात आणि एका पणाला तीस डाळिंबे, तर दहा आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे मिळतील? एका द्रम्माचे सोळा पण होतात, हे ध्यानात घेतले की उत्तर सोळा येते. गणितासारखा विषय मांडताना बाजारातील आंबे आणि डाळिंबे पुढे ठेवावीत, हे त्या थोर गणितज्ञाला योग्य वाटले होते.

विसाव्या शतकात हाच विचार बालशिक्षणात नव्याने आला. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि त्यांच्या पद्धतीतील मणी, दांड्या अशी मोजणीची साधने येथील शिक्षकांच्या परिचयाची झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांना शिकवता येते, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले. आपल्या स्वयंपाकघरातील टोपली हेही असेच एक बिनखर्चाचे साधन आहे.

वस्तू, चित्र आणि मग अंक

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम प्रत्यक्ष कृती, त्यानंतर चित्र आणि शेवटी चिन्ह. मुलाने तीन लिंबे आणि दोन लिंबे प्रत्यक्ष एकत्र ठेवावीत, नंतर कागदावर पाच गोल काढावेत आणि त्यानंतरच ३ + २ = ५ असे लिहावे, हा तो क्रम आहे. आपण बहुधा तिसऱ्या पायरीपासूनच आरंभ करतो आणि मूल अडखळले की त्याच पायरीवर त्याला पुनःपुन्हा उभे करतो. अशा वेळी एक पायरी खाली उतरून वस्तू हाती देणे, हाच उपाय आहे.

बेरजेपूर्वी मोजणी पक्की हवी. शंभरपर्यंत अंक म्हणता येणे आणि मोजता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजताना प्रत्येक वस्तूला एकदाच बोट लागावे, एकही वस्तू सुटू नये आणि शेवटी उच्चारलेला अंक हा सर्व वस्तूंची संख्या सांगतो, हे मुलाला उमजावे. याची परीक्षा सोपी आहे. सहा लिंबांची एक ओळ मांडावी व तिच्याखाली सहा लिंबांचीच दुसरी ओळ मांडावी. मग खालच्या ओळीतील लिंबे दूर दूर सरकवून कोणत्या ओळीत जास्त लिंबे आहेत, असे विचारावे. चार-पाच वर्षांची अनेक मुले लांब दिसणाऱ्या ओळीकडे बोट दाखवतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी या गोष्टीकडे शिक्षणविश्वाचे लक्ष वेधले. असे उत्तर आल्यास मुलाला दोष देऊ नये. त्याला अजून काही दिवस केवळ मोजू द्यावे.

बेरजेची दोन रूपे

बेरीज दोन प्रकारांनी समोर येते. पहिल्या प्रकारात दोन गट एकत्र येतात : ताटात काकडीच्या चार चकत्या आणि टोमॅटोच्या तीन फोडी आहेत, तर एकूण किती? दुसऱ्या प्रकारात असलेल्यात भर पडते : वाटीत चार फोडी होत्या, आईने आणखी तीन वाढल्या, आता किती झाल्या? मोठ्यांना हे दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. मुलाला मात्र दुसरा प्रकार अधिक सोपा जातो, कारण त्यात काहीतरी घडताना दिसते. म्हणून आरंभ भर घालण्यापासून करावा.

सुरुवातीला मूल दोन्ही गट पहिल्यापासून मोजते : एक, दोन, तीन, चार... सात. पुढे त्याला ‘चारच्या पुढे मोजणे’ शिकवावे. यासाठी एक साधी युक्ती आहे. चार फोडी मोजून झाल्यावर वाटीवर झाकण ठेवावे आणि ‘आत चार आहेत’ असे सांगावे. बाहेरच्या तीन फोडी मोजताना मूल आपोआप ‘पाच, सहा, सात’ असे म्हणू लागते. झाकणाखालील फोडी दिसत नसल्या तरी त्या मनात धराव्या लागतात. तोंडी गणिताचा आरंभ येथून होतो.

वाटाण्याच्या शेंगा सोलणे हा या वयाचा उत्तम खेळ आहे. शेंग उघडण्यापूर्वी आत किती दाणे असतील, याचा अंदाज मुलाने सांगावा. मग मोजावे, दुसरी शेंग उघडावी आणि दोन्ही शेंगांतील दाण्यांची बेरीज करावी. अंदाज चुकला तरी हसू नये. अंदाज बांधणे हीदेखील गणितातील महत्त्वाची क्षमता आहे.

संत्र्यातील दहा

आपली संख्यापद्धती दहावर उभी आहे. त्यामुळे दहाचे भाग मुलाला मुखोद्गत नव्हे, तर परिचित व्हावेत. संत्र्याच्या बिया काढलेल्या दहा फोडी मोजून बशीत ठेवाव्यात. त्यांचे दोन वाटे करण्यास मुलाला सांगावे. नऊ आणि एक, आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार, पाच आणि पाच, असे किती प्रकारे वाटे होतात ते त्याला स्वतः शोधू द्यावे. सात आणि तीन किंवा तीन आणि सात, एकूण फोडी दहाच राहतात, हा बेरजेचा महत्त्वाचा नियम येथे शब्दांत न सांगता समजतो.

दहाच्या या जोड्या हाती आल्या, की आठ अधिक पाच करण्यासाठी बोटे मोजावी लागत नाहीत. पाचांतील दोन आठांना दिले की दहा होतात, उरलेले तीन मिळवले की तेरा.

वजाबाकीची तीन रूपे

खाणे ही वजाबाकी आहे, हे मुलाला लवकर कळते. बशीत आठ फोडी होत्या, तीन खाल्ल्या, पाच उरल्या. हे वजाबाकीचे पहिले रूप, म्हणजे काढून घेणे. अनेक मुलांचे शिक्षण या एकाच रूपाशी थांबते आणि लेखाच्या आरंभी सांगितलेली पोळ्यांची अडचण त्यातूनच उद्भवते.

दुसरे रूप तुलनेचे. दादाच्या ताटात सहा आप्पे आहेत आणि ताईच्या ताटात चार. दादाकडे किती जास्त? येथे कोणी काही काढून घेतलेले नाही, त्यामुळे मुलाला वजाबाकी दिसत नाही. आप्प्यांच्या दोन ओळी समोरासमोर लावाव्यात. जोडीदार नसलेले आप्पे म्हणजे फरक, हे डोळ्यांना दिसले की शब्द समजतात.

तिसरे रूप उणीव भरून काढण्याचे. घरात पाच माणसे आहेत, केळी तीन आहेत, आणखी किती आणावी लागतील? याला वजाबाकी म्हणावे की बेरीज, असा प्रश्न मुलाला पडला तर ते चांगले लक्षण आहे. तीनमध्ये किती मिळवले म्हणजे पाच होतील, असा विचार केला तरी उत्तर दोनच येते. बेरीज आणि वजाबाकी या परस्परांच्या उलट क्रिया आहेत, ही जाण येथे निर्माण होते. पाने मांडण्याचे काम मुलाकडे सोपवल्यास हा प्रश्न रोज नैसर्गिकपणे समोर येतो.

सर्व फोडी संपल्यावर रिकाम्या बशीकडे बोट दाखवून ‘आता किती?’ असे अवश्य विचारावे. कोणत्याही संख्येतून तीच संख्या वजा केली असता शून्य उरते, हा नियम ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात नोंदवला. आपल्या मुलाला तो रिकाम्या बशीत सापडावा, यासारखा आनंद नाही.

गवारीची जुडी आणि ‘हातचा’

दोन अंकी वजाबाकीत ‘हातचा’ आला, की बहुतेक मुले यांत्रिकपणे खुणा करू लागतात. यासाठी गवारीच्या शेंगा घ्याव्यात. दहा-दहा शेंगांच्या तीन जुड्या दोऱ्याने बांधाव्यात आणि दोन शेंगा सुट्या ठेवाव्यात. या झाल्या बत्तीस. आता यांतून सात शेंगा बाजूला काढायच्या आहेत, परंतु सुट्या दोनच आहेत. मूल स्वतःच सुचवते की एक जुडी सोडावी. सोडल्यावर सुट्या बारा झाल्या, सात काढल्या, पाच उरल्या आणि जुड्या राहिल्या दोन. उत्तर पंचवीस. हातचा घेणे म्हणजे दशकाची जुडी सोडणे, हे एकदा हाताने केले की विसरत नाही.

बँकेच्या रोखपालाला हे नवे नाही. मोठ्या नोटेचे सुटे करून देताना तो रोज हेच करत असतो. रक्कम तीच राहते, केवळ तिची मांडणी बदलते. काम संपल्यावर त्याच शेंगांची भाजी करावी. स्वतः निवडलेली, मोजलेली आणि बांधलेली भाजी मुले अधिक आपुलकीने खातात, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

‘एकोणतीस’चे कोडे

मराठीत एकोणतीस या शब्दातच वजाबाकी दडलेली आहे : तिसाला एक ऊन, म्हणजे एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते. नव्व्याण्णव मात्र नव्वदात नऊ मिळवून होतात. अंक लिहिताना दोन आधी आणि बोलताना तीस, यामुळे लहान मुले २९ ऐवजी ३९ लिहितात. संख्यावाचनातील ही अडचण ध्यानात घेऊन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी पर्यायी रीत देण्यात आली आणि तिच्यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न अधिक जाणवतो. मूल शाळेत ‘ट्वेंटी नाईन’ शिकते, शेजारी ‘उनतीस’ ऐकते आणि घरी ‘एकोणतीस’. यावर तीस अंड्यांचा ट्रे हे चांगले साधन आहे. सहा ओळी, प्रत्येकीत पाच खळगे. एक अंडे काढले की एक खळगा रिकामा दिसतो. तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस. ज्या घरी अंडी येत नाहीत, तेथे तीस लिंबे किंवा बोरे अशाच ओळींत मांडता येतील. अर्थ कळला, की तिन्ही भाषांतील शब्द एकमेकांना अडथळा करत नाहीत.

कोणते पदार्थ निवडावेत?

मोजण्यासाठी गोळ्या-चॉकलेटे वापरण्याचा मोह टाळावा. एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या आणि तत्सम मुक्त साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली आहे. त्याऐवजी हंगामी फळे, काकडी, वाफवलेले गाजर व बीट, वाटाणे, शिजवलेली मटकी, पनीरचे तुकडे, लहान इडल्या, नाचणीची धिरडी हे पदार्थ घ्यावेत. कडधान्याच्या उसळीवर लिंबू पिळायला सांगावे आणि त्याचे कारणही सांगावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. रक्तक्षयाच्या दृष्टीने ही लहानशी सवय मोलाची आहे.

सुरक्षिततेकडे मात्र डोळेझाक करू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुकामेवा, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे गोल तुकडे पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षांचे उभे चार भाग करावेत, गाजर वाफवून मऊ करावे आणि मूल खात असताना मोठे माणूस जवळ असावे. आरंभी हात व फळे धुवावीत. ज्या पदार्थाचे मुलाला वावडे आहे, तो या खेळात आणू नये.

काही पथ्ये

पहिले पथ्य असे की अन्न हे बक्षीस होऊ नये. ‘उत्तर बरोबर आले तर फोड मिळेल’ असे म्हणणे दोन्ही अंगांनी घातक आहे. चुकलेल्या मुलाच्या मनात गणिताविषयी कटुता राहते आणि ‘भाजी संपवली तर मिठाई’ अशी अट घातली की मिठाई अधिक प्रिय व भाजी अधिक अप्रिय होते. उत्तर चुकले तरी फोड मुलाचीच.

दुसरे पथ्य : जेवणाची परीक्षा होऊ देऊ नये. एका वेळी दोन-तीन प्रश्न पुरेसे आहेत. मुलाचे घास मोजू नयेत. भूक भागली असे त्याने म्हटले, तर तेथेच थांबावे. नवी भाजी पहिल्या भेटीत आवडतेच असे नाही. आठ-दहा वेळा ती समोर आल्यानंतर मूल ती चाखू लागते. मोजण्याच्या निमित्ताने या भेटी आग्रहाविना घडतात, हाही या पद्धतीचा लाभ होय.

तिसरे पथ्य : अन्न वाया जाऊ देऊ नये. जे मोजले ते खाल्ले जावे किंवा शिजवले जावे. अन्नाचा मान आणि संख्येचे ज्ञान ही दोन्ही मूल्ये एकत्रच रुजावीत.

चौथे पथ्य वयाचे. तीन-चार वर्षांच्या मुलाने पाचपर्यंत मोजावे आणि ‘जास्त-कमी’ सांगावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने दहाच्या आतील बेरीज-वजाबाकी वस्तूंनी करावी. सात-आठ वर्षांच्या मुलाने जुड्या बांधाव्यात, सोडाव्यात आणि केलेली कृती वहीत अंकांत मांडावी. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यात शाळेइतकाच घराचाही वाटा आहे.

ताटापासून पासबुकापर्यंत

बँकेच्या पासबुकात तीन शब्द ठळकपणे दिसतात : जमा, नावे आणि शिल्लक. वाटीत वाढलेले ते जमा, खाल्लेले ते नावे आणि उरलेले ती शिल्लक, असे सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगून पाहावे. मग त्याच्या नावाचे खाते असल्यास त्याचे पासबुक त्याच्यासमोर उघडावे आणि एक-दोन नोंदी त्यालाच पडताळून पाहू द्याव्यात. पुढे दहा वर्षे पूर्ण झाल्यावर बँकेच्या नियमांस अधीन राहून त्याला स्वतः बचत खाते चालवता येते. त्या दिवशी स्लिप भरताना त्याचा हात अडखळू नये, याची तयारी आजच्या संत्र्याच्या फोडींतून होत असते.

या शिक्षणाला निराळा वेळ काढावा लागत नाही आणि खर्चही येत नाही. कामावरून थकून आलेले आई-वडील, घरातील आजी-आजोबा, अंगणवाडीतील ताई, कोणीही ते देऊ शकते. आज संध्याकाळी भाजी निवडायला बसताना मुलाला जवळ बोलवावे, दहा शेंगा त्याच्या हाती द्याव्यात आणि त्याने केलेली पहिली जुडी तपासण्याची घाई न करता त्याला ती पुन्हा एकदा मोजू द्यावी.